पद्मावतीचा शोध आणि मो. ब. गर्दे

भवभूतीच्या ‘मालतीमाधव’ या नाटकाचा नायक माधव हा विदर्भातील कुंडिनपूरचा. त्याचे वडील राजाचे अमात्य. मुलाने आन्वीक्षिकी, म्हणजे तर्कविद्या, शिकावी म्हणून ते त्याला दूरच्या पद्मावती नगरीस धाडतात. विद्येसाठी परमुलखातील तरुण जेथे येत, अशी ही नगरी. पुराणांनीही नाग राजांची राजधानी म्हणून तिचे नाव घेतले आहे. परंतु ही पद्मावती होती कोठे, हे मात्र लोक शेकडो वर्षे विसरून गेले होते.

एकोणिसाव्या शतकात सर अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी ग्वाल्हेरच्या दक्षिणेकडील नरवर म्हणजेच पद्मावती, असे मत मांडले. नरवर सिंध नदीच्या काठी आहे आणि नाग राजांची नाणीही तेथे मिळाली होती. एवढ्या मोठ्या संशोधकाचे मत म्हटल्यावर प्रश्न मिटला, असे कोणासही वाटले असते. तो तसा मिटू दिला नाही, यातच मोरेश्वर बळवंत गर्दे यांचे मोठेपण आहे.

ग्वाल्हेर संस्थानाने १९१३ साली स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि त्याची धुरा गर्दे यांच्याकडे आली. संस्थानचा मुलूख विस्तीर्ण. बेसनगर, उदयगिरी, चंदेरी, उज्जैन, मंदसोर, बाघ अशी एकाहून एक प्राचीन स्थळे त्यात विखुरलेली. देवळांचे घडीव दगड घरांच्या भिंतींत जात होते, मूर्ती उघड्यावर झिजत होत्या. अशा वेळी स्थळ पाहावे, त्याची नोंद घ्यावी, लेखांचे ठसे घ्यावेत, पडझड थांबवावी आणि वर्षअखेर सारे वृत्त छापावे, हा शिरस्ता त्यांनी खात्यास लावून दिला.

पद्मावतीचा उलगडा या शिस्तीतूनच झाला. नाटकाच्या नवव्या अंकात कवीने नगरीचा परिसर रेखाटला आहे. सिंधू आणि पारा या नद्यांचा संगम, जवळून वाहणारी लवणा, सिंधूचा गर्जना करणारा धबधबा, आणि सिंधू व मधुमती यांच्या संगमावरील सुवर्णबिंदू नावाचे शिवस्थान, अशा या खुणा होत. नरवर येथे त्या जुळत नाहीत. डबऱ्याजवळच्या पवाया या लहानशा खेड्यात मात्र एकेक खूण पटत जाते. तेथे सिंध आणि पार्वती यांचा संगम आहे, नोन नावाचा प्रवाह आहे, धबधबा आहे आणि पलीकडे महुअर नदी सिंधेस मिळते. पारा म्हणजे पार्वती, लवणा म्हणजे नोन आणि मधुमती म्हणजे महुअर, हे मग सहज ध्यानात येते. गावचे लोकही आपल्या गावास ‘पदम पवाया’ म्हणतात.

केवळ नावांच्या साम्यावर विसंबणे गर्दे यांना मान्य नव्हते. जमिनीची साक्षही हवी होती, आणि ती भरपूर मिळाली. पवायाच्या शेतांत नाग राजांची नाणी विपुल सापडत. तेथेच मणिभद्र यक्षाची मूर्ती मिळाली. शिवनंदी राजाच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी ती स्थापन झाल्याचे तिच्यावरील लेखात नमूद आहे. हे सर्व पुरावे मांडणारा गर्दे यांचा लेख भारतीय पुरातत्त्व खात्याच्या १९१५-१६ च्या वार्षिक वृत्तांतात प्रसिद्ध झाला. पुढे त्यांच्याच देखरेखीखाली झालेल्या उत्खननात विटांच्या एका भव्य मंदिराचा टप्प्याटप्प्यांचा चौथरा उजेडात आला. काव्य, नाणे, लेख आणि माती या चौघांची साक्ष एक झाली, तेव्हाच निर्णय पक्का ठरला.

सापडलेल्या वस्तूंना घर हवे, म्हणून ग्वाल्हेर किल्ल्याच्या पायथ्याशी राजा मानसिंह तोमराने बांधलेल्या गुजरी महालात गर्दे यांनी वस्तुसंग्रहालय उभे केले. मणिभद्र यक्ष तेथे आहे. पवायाची ती प्रसिद्ध शिल्पपट्टीही तेथेच आहे. तिच्यावर मध्ये नर्तकी आणि भोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. बाघच्या लेण्यांतील भित्तिचित्रे विरत चालली होती. नंदलाल बोस प्रभृती चित्रकारांनी १९२१ साली त्यांच्या प्रतिकृती केल्या. लंडनहून १९२७ साली निघालेल्या बाघविषयक ग्रंथाच्या लेखकांत गर्दे हेही होते. मूळ चित्रांचा पुष्कळसा भाग आज नाहीसा झाला आहे. तेव्हा प्रती घेतल्या गेल्या नसत्या, तर त्यांचे रूप पुढच्या पिढ्यांस कळतेच ना.

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात. १९६४ साली ग्वाल्हेरात जिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व हे विषय तेथे शिकवले जाऊ लागले. विद्यापीठाच्या अध्यासनावर गर्दे कधी बसले नाहीत. तथापि या प्रदेशाच्या प्राचीन इतिहासाचा विद्यार्थी कोणत्याही विद्यापीठाचा असो, त्यांचे वृत्तांत उघडल्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडत नाही. ग्रंथातील वर्णन घेऊन नदीकाठी जावे, नदीकाठी जे दिसले ते पुन्हा ग्रंथाशी ताडून पाहावे आणि मगच बोलावे, हा त्यांचा धडा आहे. माधव ज्या तर्कविद्येसाठी पद्मावतीस गेला, तिचाच अवलंब करून या मराठी संशोधकाने ती हरवलेली नगरी शोधून काढली.