कोणत्या पंपाचे डिझेल चांगले?

‘त्या पंपाचे डिझेल टाकले की गाडी जास्त ॲव्हरेज देते,’ असे छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण इंडियन ऑइल असो, भारत पेट्रोलियम असो वा हिंदुस्तान पेट्रोलियम, साधे डिझेल एकाच मानकाचे असावे लागते. १ एप्रिल २०२०पासून देशभर बीएस-६ लागू आहे. त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० आणि सिटेन क्रमांक किमान ५१. शिवाय या कंपन्या एकमेकींच्या डेपोतूनही माल उचलतात.

महागड्या प्रीमियम डिझेलमध्ये ॲडिटिव्ह असतात, एवढाच कंपनीनुसार फरक. खरी गोम पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत. पावसाळ्यात तिच्यात पाणी झिरपले, तर इंजेक्टर खराब होऊन मोठा खर्च गळ्यात पडतो. शंका आल्यास पंपावर घनता तपासून मागा. नोंदवलेल्या घनतेपेक्षा घनमीटरमागे ३ किलोहून अधिक फरक निघाला, तर ते डिझेल घेऊ नका.