टोपीला लावायचा दिवा : खोक्यावर छापलेलं आणि खरं

रात्री दारं धरायला गेलेल्या शेतकऱ्याचे दोन्ही हात खोऱ्यात गुंतलेले असतात. कृषिपंपाची वीज रात्री आली की पाणीही रात्रीच द्यावं लागतं. उसाच्या सरीत पाऊल कुठे पडतंय हे पाहायला टॉर्च धरणार कोण? मोबाइल मानेत दाबून फ्यूज बसवणाऱ्याची आणि रात्री किल्ला चढणाऱ्याची अडचणही हीच. टोपीच्या कडेला किंवा खिशाला क्लिपने अडकवायचा छोटा एलईडी दिवा या सगळ्यांच्या मोठ्या उपयोगाचा आहे. फक्त तो निवडताना खोक्यावरच्या आकड्यांवर जाऊ नये.

जास्त लुमेन म्हणजे चांगला दिवा, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. लुमेन हा दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा आकडा. त्यातला तुमच्या कामावर किती पडतो, ते झोत किती रुंद आहे यावर ठरतं. 60 अंशांच्या झोतात 50 लुमेन पसरले, तर अर्ध्या मीटरवर 200 लक्सहून अधिक उजेड मिळतो. 100 लुमेन असतील तर पाचशेच्या जवळ. ऑफिसातल्या टेबलावर 300 ते 500 लक्स पुरेसे मानतात. म्हणजे हाताच्या अंतरावरच्या कामाला 100 लुमेन भरपूर झाले. त्याहून जास्त उजेड पांढऱ्या कागदावरून किंवा चकचकीत पत्र्यावरून उलटून डोळ्यांवरच येतो.

‘500 लुमेन, 8 तास’ अशी जाहिरात दिसली तर जरा गुणाकार करून पाहा. छोट्या दिव्यांत एका वॅटमागे साधारण 100 लुमेन मिळतात. म्हणजे 500 लुमेनला 5 वॅट, आणि 8 तासांना 40 वॅट-तास. 3.7 व्होल्टच्या लिथियम सेलमध्ये एवढी ऊर्जा साठवायची तर जवळपास 10,800 एमएएच क्षमता हवी. टोपीवरच्या दिव्यात बहुधा 500 एमएएचच्या आसपासचा सेल असतो, त्यात दोन वॅट-तासही नसतात. बोटाएवढ्या 18650 सेलवर 9,900 एमएएच छापलेलं दिसलं तर सरळ खोटं समजा. त्या आकाराचा उत्तम सेलही साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो.

खोटं न बोलणाऱ्या उत्पादकाचे तासही नीट समजून घ्यावे लागतात. टॉर्चसाठी ‘एएनएसआय एफएल1’ हे मानक वापरतात. त्यात दिवा लावून 30 सेकंद झाल्यावर जेवढा प्रकाश असतो, तो 10 टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून मोजला जातो. त्यामुळे 300 लुमेनचा दिवा शेवटच्या तासात 30–40 लुमेनवर आलेला असू शकतो, आणि तरीही छापलेला आकडा नियमात बसतो. अंतराचंही तसंच. ‘100 मीटर’ म्हणजे तिथे पाव लक्स उजेड पोचतो, स्वच्छ रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा.

दिवा जेवढा डोळ्यांच्या जवळ तेवढं चांगलं दिसतं, असंही अनेकांना वाटतं. वायरिंग करताना, शिवताना, वाचताना ते खरं आहे. नजर वळेल तिकडे उजेड वळतो. पण सह्याद्रीतल्या पावसाळी धुक्यात हाच दिवा नडतो. कपाळावरून निघालेला प्रकाश धुक्याच्या थेंबांवर आपटून सरळ डोळ्यांत परततो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. तोच दिवा छातीवर किंवा कमरेच्या पट्ट्याला लावला तर पडदा बराच विरतो. शिवाय खालून आलेल्या उजेडात दगडांच्या सावल्या लांबतात, त्यामुळे खड्डा आणि पायरी वेगळी ओळखू येते. शेतातही हेच उपयोगी पडतं, कारण सापाचे बहुतेक दंश पायांना होतात. उजेड पावलापुढे एक-दोन ढांगांवर पडला पाहिजे. म्हणून खाली वाकवता येणारी क्लिप मला लुमेनपेक्षा महत्त्वाची वाटते. गमबूट आणि काठी मात्र दिवा असला तरी हवीच. दिव्याला चुंबक असेल आणि छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर तो छातीच्या खिशाला लावू नका, वीतभर तरी दूर ठेवा.

‘पांढराशुभ्र प्रकाश सर्वांत स्पष्ट’ हेही अर्धसत्यच. पांढरा एलईडी म्हणजे बहुतेक वेळा निळा एलईडी आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. स्वस्त दिव्यात लाल रंगाचा भाग तोकडा पडतो, म्हणून लाल आणि तपकिरी वायर सारखी दिसू लागते. विजेचं काम करणाऱ्यांनी रंगदर्शकता निर्देशांक, म्हणजे सीआरआय, 90 च्या पुढचा पाहावा. रात्रीच्या ट्रेकला लाल प्रकाशाची सोय असलेला दिवा घ्यावा. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात, आणि मंद लाल उजेड तो सराव फारसा मोडत नाही.

वॉटरप्रूफ शब्दावर न जाता खूण वाचा. आयपीएक्स4 म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे चालतील. आयपीएक्स7 म्हणजे एक मीटर पाण्यात 30 मिनिटं.

माझा कौल असा : मधल्या पातळीवर 50 लुमेन तीन-चार तास देणारा, वाकणारा, घट्ट क्लिपचा दिवा बहुतेकांना पुरतो. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा आणि तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासा. दिवा घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करा, मधल्या पातळीवर लावून ठेवा आणि घड्याळ पाहा. दाव्याच्या निम्माही वेळ टिकला नाही, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत तो परत करा.