मगे काय करतलंस?

मे महिना आला की मिठबावातली घरं चाकरमान्यांच्या पोरांनी भरून जातात. सकाळी समुद्र, संध्याकाळी समुद्र. पण मधल्या उन्हाचं काय करायचं? टीव्ही, मोबाइल, नाहीतर भांडणं! मैत्रिणींनो, अशा वेळी एखाद्या काकीने, आत्याने ओटीवर गोष्टीचा खेळ मांडून बघावा. गोष्ट सांगणारी एक, पण त्यातली पात्रं मुलं स्वतः होतात आणि पुढे काय करायचं ते तीच ठरवतात. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने असा खेळ काढला. त्याला नियमांची पुस्तकं आणि वीस बाजूंचा फासा लागतो. आपलं काम ल्युडोच्या फाशावर भागतं.

तसं हे आपल्याला अगदीच नवं नाही. जत्रेतला दशावतार आठवा. लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आख्यान कुठलं, कोण कोण होणार, एवढं ठरतं आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या सुचतात. सिंहासन म्हणून एक बाकडं. सगळी मदार समोरच्याचं ऐकण्यावर! एकट्याने लांबण लावली की दुसऱ्याचं सोंग पडतं. फरक एवढाच, की दशावतारात शेवटी देव जिंकणार हे लहान पोरालाही माहीत असतं. आपल्या खेळात शेवट कोणालाच माहीत नसावा, सांगणारीलासुद्धा.

म्हणून तयारी करताना शेवट ठरवू नका. जागा ठरवा, अडचण ठरवा आणि त्या जागेतली दोन-तीन माणसं. समजा, गजबादेवीच्या देवळाखालच्या खडकात रात्री दिवा दिसतोय. तिथला म्हातारा काहीतरी लपवतोय. बस्स! मग एकेकाला विचारायचं, ‘‘मगे काय करतलंस?’’ आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच कठीण, कारण आपल्याला उत्तरं पुरवायची सवय फार.

मुलं भलतंच काही सांगतील. कोणी म्हणेल, मी समुद्रच पिऊन टाकतो. ‘‘असं होतं का कुठे?’’ म्हणालात की पोर मिटलं. त्यापेक्षा म्हणा, ‘‘पी, पण मगे होडयेचा काय?’’ जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. चार, पाच, सहा पडले तर जमलं, म्हणजे निम्मी संधी. हरलं तरी गोष्ट अडू देऊ नका. दोर तुटला तर माणूस खाली कुठेतरी पोचतोच.

मुलं चार-पाचच घ्या. त्यात एक बडबड्या असतो आणि एक कोपऱ्यातली गप्प मुलगी असते. तिला सगळ्यांसमोर ‘बोल गं’ म्हणू नका. म्हाताऱ्याला तिच्याशीच बोलायला लावा, किल्ली तिच्याच हातात द्या. सोंग वाटतानाही जरा बघा. दशावतारात बायकांची कामंही परंपरेने पुरुषच करत आले. ओटीवर तरी मुलींना नेहमीची राजकन्या देऊ नका. एखादीला संकासुर होऊ दे की! तो मालवणीत बोलतो, म्हणजे मुंबईच्या नातीला आजीकडून चार शब्द विचारून घ्यावे लागतील. ते शब्द शाळेत कोणी शिकवणार नाही.

लहानगं घाबरलं तर दिवा विझवायच्या गोष्टी बंद. आधीच सांगून ठेवा, कोणीही हात वर केला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही.

तास-दीड तास पुष्कळ झाला. जेवायची हाक आली की ऐन रंगात थांबा. फक्त कोण कुठे उभं होतं, किल्ली कोणाकडे होती, एवढं वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पोरं दात घासायच्या आधी विचारतात.