फ्लॅशचा जोर, मुदत आणि रंग

कोल्हापूर हे कॅमेऱ्याचे जुने गाव. बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' येथेच काढला आणि १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. ते दिवे जळत राहणारे. रंग बदलला तर निदान डोळ्यांना दिसे. आजच्या स्टुडिओतील फ्लॅश डोळा लवण्याआधी विझतो. त्याचे बटण फिरवले म्हणजे काय बदलते, याचा शोध आम्हांला पगारकपातीच्या एका तक्रारीमुळे घ्यावा लागला.

फ्लॅशच्या पोटात कपॅसिटर असतात. त्यांना पाण्याचे हौद समजा. ते विजेने भरायचे आणि झेनॉन वायूच्या काचनळीतून एका दमात रिते करायचे. जोर कमी करण्याच्या वाटा तीन: हौद कमी उंचीपर्यंत भरणे, अनेक हौदांपैकी थोडेच जोडणे, किंवा पाणी वाहत असता मध्येच तोटी बंद करणे. बटण तिन्हींत सारखेच दिसते. परिणाम मात्र निरनिराळे.

पहिल्या वाटेत व्होल्टेज उतरवतात. साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे व्होल्टेज निम्मे झाले की ४०० जूलचे १०० जूल होतात. पण प्रवाह मंदावला की नळीतील वायूचा विरोध वाढतो आणि हौद सावकाश रिता होतो. म्हणजे प्रकाश घटला तरी झोताची मुदत घटत नाही, बहुधा लांबते. शिवाय वायू कमी तापतो. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे, मग पांढरे होते. तसाच हा हिशेब. दिवसाच्या प्रकाशाचे रंगतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन धरतात. त्याखाली पिवळट छटा येते, वर निळसर.

दुसऱ्या वाटेत व्होल्टेज तेच, साठा थोडा. म्हणून मुदत घटते आणि रंग फारसा हलत नाही. तिसरी वाट इलेक्ट्रॉनिक स्विचची. झोताचा आरंभ निळसर आणि शेपूट तांबूस असते. शेपूट छाटले की मुदत फार कमी होते, पण उरतो तो निळसर भाग. काही चांगल्या यंत्रांत पहिली व तिसरी वाट एकत्र करून रंग स्थिर ठेवतात. मात्र तेव्हा सर्वांत लहान मुदत मिळत नाही.

आता ती तक्रार. एका कारखान्यात चपलांच्या सूचीपुस्तकाची छायाचित्रे काढली. फिक्या चामड्यासाठी सांगितले म्हणून मदतनीस पोराने जोर उतरवला. ते जोड पिवळे उमटले आणि पैसे कापले गेले ते त्याचे! आम्ही मालकासमोर एकच चप्पल ठेवली. कॅमेऱ्यातील रंगाची मांडणी कायम ठेवून, जोर बदलेल तसे कॅमेऱ्याचे छिद्र तेवढे बदलले. बटण खाली येईल तसतसा रंग पिवळा होत गेला. मालक समजूतदार निघाले. कापलेले पैसे परत मिळाले.

मुदतीच्या आकड्यातही मेख आहे. माहितीपत्रकात पुष्कळदा झोत शिखराच्या निम्म्यावर येईपर्यंतची वेळ छापतात. एक-दशांशावर येईपर्यंतची वेळ साधारण तिप्पट भरते. समजा, तालमीत पैलवानाने उधळलेली लाल माती सेकंदाला तीन मीटर वेगाने जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागात ती तीन मिलिमीटर सरकते, तीनशेव्या भागात एक सेंटिमीटर! शेपटाचा प्रकाश मंद असला तरी कणामागे रेघ उमटते.

म्हणून एका मालिकेची छायाचित्रे एकाच जोरावर घ्यावीत. जोर बदलावाच लागला तर त्या जोरावर पांढऱ्या कागदाचे चित्र घेऊन रंग पुन्हा जुळवावा. उघडा दिवा दुप्पट अंतरावर नेला तरी प्रकाश चौथाई होतो, आणि बटणाला हात लावावा लागत नाही. सावली मात्र अधिक कडक पडते. यंत्र बिघडले तर ते उघडण्याचे काम पोराला सांगू नये. वायर काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्राण घेण्याइतकी वीज उरलेली असू शकते.