फराळ करणारीनं आधी जेवायचं

मैत्रिणींनो, सोयाबीन घरात आलं, कापसाची वेचणी सुरू झाली आणि त्यातच दिवाळी आली. बऱ्याच गटांकडे फराळाच्या ऑर्डरी आहेत. घरचं आणि ऑर्डरीचं मिळून बाई आठ-पंधरा दिवस कढईसमोरच असते. आणि नेमकं याच दिवसांत मोबाईलवर सुरू होतं, ‘फराळ टाळा, वजन सांभाळा’. ते बघून काही जणी लाडू उचलताना म्हणतात, “आज खाते, उद्या उपास करते.”

लाडू खाणं हा काही गुन्हा नाही, की त्याची शिक्षा म्हणून उपास करावा. पण लाडवात काय असतं हे माहीत असलेलं बरं. घरचाच हिशोब घ्या. एक किलो बेसन, अर्धा किलो तूप, पाऊण किलो पिठीसाखर. सव्वादोन किलोत 50 ग्रॅमचे 45 लाडू होतात. म्हणजे एका लाडवात साधारण 11 ग्रॅम तूप आणि 17 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. आता चहाचा हिशोब करा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप. झाले दहा चमचे, जवळजवळ 50 ग्रॅम! मोठ्या माणसानं दिवसाला वरून घातलेली साखर याच्या आतच ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, 25 ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगलं. दिवाळीचा लाडू पाच दिवसांचा, चहा वर्षभराचा. काटकसर करायचीच असेल तर ती चहात करा, लाडू मजेत खा. एक घ्या, बसून घ्या, चव लागेल असा खा.

खरी अडचण वेगळीच आहे. करंज्या करताना सकाळी एक कप चहा, अकराला दुसरा, मग ‘मीठ बरोबर आहे का’ म्हणून चकलीचा तुकडा, तळून तळून तेलाच्या वासानं भूक मेलेली. दुपारचं जेवण चार वाजता, तेही उरलंसुरलं. रात्री सगळ्यांचं झाल्यावर उभ्यानंच. म्हणजे बाईच्या पोटात गेलं काय, तर चहा, मैदा आणि तेल. डाळ नाही, भाजी नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं तर रक्त कमी धरतात. दम लागणं, पायात गोळे येणं, चक्कर येणं हे आपण ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देतो.

म्हणून कढई ठेवायच्या आधी भाकरी, डाळ, हिरवी भाजी खाऊन घ्या. वर लिंबू पिळा, त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, चहानं तेच लोह अडतं. तासभर जाऊ द्या. लोहाच्या गोळीलाही हाच नियम. गटाची ऑर्डर असेल तर वजन-मापाच्या वहीत जेवणाची वेळही लिहा आणि दोघी-दोघी आळीपाळीनं उठा. ‘एवढा घाणा काढते नि जेवते’ म्हणणारीचं जेवण कधीच वेळेवर होत नाही.

घरात कुणाला शुगर असेल तर थोडं जास्त जपा. ‘गुळाचं आहे, चालतं’ हे खरं नाही. गुळानंही साखर वाढते. गोड खायचंय म्हणून मनानं जास्तीची गोळी घेणं किंवा गोळी घेऊन जेवण टाळणं, दोन्ही धोक्याचं. साखर एकदम उतरली की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं अडखळतं. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

आता व्यायाम. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईला ‘रोज चालायला जा’ सांगणं म्हणजे थट्टाच. तिला हवी झोप, आणि वाकून आखडलेली कंबर सरळ करायला दहा मिनिटं. पण शिलाई मशीनवर, दुकानात किंवा चुलीपुढे मांडी घालून चार-चार तास बसणाऱ्या मैत्रिणींचं अंग चालत नाही, नुसतं अवघडतं. त्यांनी अर्ध्या तासानं उठावं, दोन-चार फेऱ्या माराव्यात. रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं की जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. दिवे बघायला गावातून एक चक्कर मारली तरी झालं. भाऊबीजेला माहेरी गेलात तर बहिणी-बहिणी मिळून मळ्यापर्यंत चालत जा. गप्पाही होतात, आणि घरात बसलं की समोर येणारं चौथं ताटही चुकतं.

आणखी एक. दिवाळीत पाहुणे आले की पोरींच्या अंगावर बोलणं सुरू होतं. “किती जाड झालीस” नाहीतर “काडी झालीस, कोण करणार तुला?” बोलणारी विसरते, पोरगी विसरत नाही. मग ती गुपचूप जेवण तोडते, आणि पाळी सुरू झालेल्या वयात ते तिला परवडणारं नसतं. अशा वेळी आईनं किंवा आजीनं मध्ये पडून पाहुण्यांना चिवड्याची वाटी पुढे करावी आणि विषय बदलावा.

भाऊबीज झाली की पुढच्या गटाच्या बैठकीआधी उपकेंद्रात जाऊन या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीचं बीपी आणि शुगर तिथे फुकट तपासतात. आशाताईंना आधी सांगून ठेवलंत तर दहा जणींचं एकाच सकाळी होईल. हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघायला सांगा, आणि आकडा बचतीच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या दिवाळीला ताडून बघता येईल.