मेनफ्रेम आणि दूरची प्रत

पेढीच्या व्यवहारांत एक क्षण असा येतो कीं, रक्कम एका खात्यांतून निघालेली असते आणि दुसऱ्यांत अद्याप पडलेली नसते. नोंद पक्की झाल्याची पोंच साठवणीच्या यंत्राकडून येईपर्यंत तो व्यवहार अडून राहतो. मोठ्या पेढ्यांचे हिशेब वाहणारीं मेनफ्रेम यंत्रें अशा नोंदी सेकंदाला हजारोंनीं करतात. आणि आग, पूर किंवा भूकंप यांत त्या बुडूं नयेत म्हणून त्यांची दुसरी प्रत परगांवीं ठेवली जाते. प्रत जितकी दूर तितकी निर्धास्त, पण तितकीच मंदही.

या मंदपणाचें मूळ प्रकाशाच्या चालींत आहे. काचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे एका किलोमीटरास ५ मायक्रोसेकंद आणि जाऊन येण्यास १०. शंभर किलोमीटरांवरची एक फेरी १ मिलिसेकंदाची झाली. माणसाच्या हिशेबीं हा काळ नगण्य खरा. परंतु जवळचा साठा याच्या लहानशा अंशांत उत्तर देतो.

हा एका फेरीचा विलंब कोणत्याही यंत्रास टाळतां येत नाहीं. टाळतां येतात त्या जादा फेऱ्या. आय.बी.एम. कंपनीच्या १९९० च्या एस्कॉन पद्धतींत दोन्ही टोकांमध्यें आज्ञा, तिची पोंच, माहिती, तिची पोंच असें संभाषण चाले, आणि प्रत्येक देवघेवीगणिक अंतराचा भुर्दंड पडे. त्यामुळें सुमारें ९ किलोमीटरांपलीकडे तिचा वेग उतरूं लागे. १९९८ च्या फायकॉन पद्धतीनें पोंचेची वाट न पाहतां आज्ञांमागून आज्ञा पाठविण्याची सोय केली. पुढें २००८ सालीं अनेक आज्ञा एकाच गांठोड्यांत बांधण्याची रीत आली. तार तीच, प्रकाश तोच. बोलणें मात्र आटोपशीर झालें.

दुसरी अडचण पतीची. घेणाऱ्या टोकाजवळ जितक्या जागा रिकाम्या, तितक्याच पाकिटांची पत तें देणाऱ्यास देतें. ती संपली कीं पहिली पोंच परत येईपर्यंत देणाऱ्यानें थांबावयाचें. दोन हजारांवर बाइटांचें पूर्ण पाकीट ८ गिगाबिटांच्या तारेंत जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीचें असतें. शंभर किलोमीटर जाणें आणि तितकेंच पोंचेचें येणें धरलें, तर तार सतत भरलेली ठेवण्यास ४०० पाकिटांची पत लागते. पाकिटें लहान असल्यास याहूनही अधिक. पत ४० च असेल तर तार दहांतील नऊ भाग वेळ रिकामी पडून राहते. अशा वेळीं अधिक वेगाची तार विकत घेणें हा निव्वळ अपव्यय होय, कारण तिच्यावर तीच पत अधिक लवकर संपते. अनेक ठिकाणीं खर्च होतो तो मात्र तारेवरच!

इतकें करूनही एक फेरी उरतेच. दूरच्या प्रतीची पोंच आल्याखेरीज व्यवहार पुढें सरकूं न दिला, तर कांहींही बुडत नाहीं, परंतु प्रत्येक नोंदीस ती फेरी भरावी लागते. उलट, जवळच्या साठ्याची पोंच पुरेशी मानून प्रत मागाहून पाठविली, तर वेग टिकतो. मात्र अपघात झाल्यास वाटेंत असलेल्या नोंदी गेल्याच.

सप्टेंबर २००१ मध्यें न्यूयॉर्क शहरावर झालेल्या हल्ल्यानंतर हा प्रश्न अमेरिकेच्या नियामकांपुढें आला. मूळ व पर्यायी ठिकाणांत २०० ते ३०० मैलांसारखें किमान अंतर असावें काय, अशी पृच्छा त्यांनीं २००२ च्या मसुद्यांत केली. तीनशें मैल म्हणजे सुमारें ४८० किलोमीटर; तेथवरची फेरी पांच मिलिसेकंदांच्या आसपास जाते, आणि तीही तार सरळ रेषेंत टाकली असें गृहीत धरून. २००३ सालच्या अंतिम पत्रकांत मैलांचा आंकडा घातला गेला नाहीं. कांहीं मोठ्या संस्था आतां तीन प्रती ठेवतात: मूळ, तिच्या जवळपासची पोंचेसाठीं थांबणारी, आणि शेंकडों किलोमीटरांवरची, मागाहून येऊन गांठणारी.