ब्रेल डिस्प्ले फोनला जोडताना आपण नेमकं काय मोजतो?

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करत असाल किंवा संशोधन आराखडा लिहायला बसला असाल. आराखड्यात 'साधने व पद्धती' असा एक भाग असतो. तिथे आपण सहज लिहून टाकतो, 'सहभागींना टॅबलेटशी बिनतारी जोडलेला ब्रेल डिस्प्ले देण्यात आला.' मीही तसंच लिहिलं होतं. त्यातल्या 'जोडलेला' या एका शब्दाने माझी पहिली पायलट चाचणी कशी बिघडवली आणि त्यातून काय शिकले, ते आज सांगते. तुमचा विषय वेगळा असला तरी वाचा, कारण उपकरण मध्ये आलं की हा प्रश्न कुठल्याही संशोधनात येतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. दृष्टिहीन वाचक मराठी मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका किती पकडतात, हे मला पाहायचं होतं. फोनचा स्क्रीन रीडर मजकूर बोलून दाखवतो, पण 'कि' आणि 'की' कानाला जवळपास सारखेच लागतात. भारती ब्रेलमध्ये मात्र 'इ' म्हणजे २ आणि ४ क्रमांकाचे ठिपके, तर 'ई' म्हणजे ३ आणि ५. बोटाला फरक लगेच कळतो. शिवाय भारती ब्रेलमध्ये वेलांटीचं वेगळं चिन्ह नाही. व्यंजनानंतर सरळ तो स्वर येतो. म्हणजे शुद्धलेखन स्वतःचं स्वतः तपासायचं तर ऐकून भागत नाही, ब्रेल हवंच. लेख लिहिणाऱ्या, प्रबंध लिहिणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी ही चैन नाही, रोजची गरज आहे.

ब्रेल डिस्प्ले म्हणजे ठिपक्यांची एक ओळ. त्यात १४, २०, ४० असे 'सेल' असतात आणि प्रत्येक सेलमध्ये साधारण ८ पिना. बहुतेक यंत्रांत प्रत्येक पिनेखाली पिझोइलेक्ट्रिक पट्टी असते. विजेचा दाब दिला की ती किंचित वाकते आणि पिन वर येते. हे यंत्र स्वतः काहीच 'वाचत' नाही. कुठली पिन वर, कुठली खाली, हे फोन सांगतो.

आता त्या दिवसाकडे येते. सहभागी ताई संगीत शिक्षिका होत्या, दोन बस बदलून आल्या होत्या. मी टॅब त्यांच्यासमोर ठेवला, उतारा उघडला आणि स्टॉपवॉच सुरू केलं. उतारा उमटेचना. मी टॅब बंद-चालू केला, डिस्प्ले बंद-चालू केला, पुन्हा पेअरिंग करून पाहिलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "अगं, इथे मला घड्याळातली वेळ वाचायला मिळतेय. तुझा उतारा कुठाय? आसपास दुसरा कुठला फोन चालू आहे का?"

होता ना! आदल्या संध्याकाळी मी डिस्प्ले प्रयोगशाळेतल्या एका फोनला जोडून पाहिला होता. तो फोन टॉकबॅक चालू ठेवून ड्रॉवरमध्ये चार्जिंगला होता आणि सुरू झाल्या झाल्या डिस्प्ले आपल्या जुन्या सोबत्याकडे गेला होता. ताईंनी वाचायला सुरुवात केली तेव्हा २३ मिनिटं गेली होती.

संध्याकाळी गाईड मॅडमनी नोंदवही पाहिली. पहिल्या कामापुढे '२३ मिनिटं' होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे मोजमाप कुणाचं? बाईंचं की ब्लूटूथचं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर 'जोडणी' फोडून पाहावी लागते. ती एक गोष्ट नाही, एकावर एक तीन थर आहेत.

पहिला थर रेडिओचा. डिस्प्ले आणि फोन एकमेकांना सापडतात, पेअरिंग होतं आणि दोघेही एक गुप्त किल्ली जपून ठेवतात. किल्ली दोन्हीकडे असते, हे लक्षात ठेवा. फोनमधून 'फर्गेट' केलं आणि डिस्प्लेमध्ये जुनी नोंद राहिली, तर जोडणी अडते. अशा वेळी दोन्हीकडून पुसून नव्याने सुरुवात करायची. बरेच डिस्प्ले एकाहून जास्त फोन लक्षात ठेवतात, पण ठिपके एका वेळी एकाचेच दाखवतात. म्हणून चाचणीच्या खोलीतल्या बाकी सगळ्या फोनांचं ब्लूटूथ आधी बंद करा. काही वेळ हात लागला नाही की बरेच डिस्प्ले झोपतात, तेही तपासा.

दुसरा थर भाषेचा, म्हणजे यंत्रांच्या आपसातल्या भाषेचा. ब्लूटूथच्या यादीत 'कनेक्टेड' दिसतं, तरी एकही ठिपका उठत नाही, असं होऊ शकतं. कारण डिस्प्लेशी बोलायचं काम स्क्रीन रीडरचं आहे आणि त्याने अजून डिस्प्ले हातात घेतलेला नसतो. म्हणून आयफोन किंवा आयपॅडवर नुसत्या ब्लूटूथच्या पानावर न थांबता सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, व्हॉइसओव्हर, ब्रेल या वाटेने जायचं आणि तिथे डिस्प्ले निवडायचा. अँड्रॉइडवर टॉकबॅकच्या सेटिंग्जमध्ये ब्रेल डिस्प्लेचा पर्याय असतो. आवृत्तीनुसार नावं थोडी बदलतात.

या थराला इतिहासही आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या डिस्प्लेची बोली वेगळी होती आणि प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर लागायचा. १९९५ मध्ये सुरू झालेल्या बीआरएलटीटीवाय या मुक्त प्रकल्पाने असे कितीतरी ड्रायव्हर एका जागी आणले. २०१८ मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठी एचआयडी हे सामायिक मानक जाहीर झालं. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅकमध्येच ब्रेल डिस्प्लेची सोय २०२२ मध्ये आली. त्याआधी ब्रेलबॅक नावाचं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागायचं. एचआयडी मानकाचा आधार तर अँड्रॉइड १५ पासून, म्हणजे २०२४ मध्ये मिळाला. त्यामुळे तोच डिस्प्ले एका टॅबवर चालतो आणि जुन्या टॅबवर चालत नाही, याचं कारण बरेचदा इथे सापडतं.

हा थर तपासायची सोपी युक्ती: डिस्प्लेवरची स्पेस आणि ४ नंबरची कळ एकत्र दाबा. व्हॉइसओव्हर आणि टॉकबॅक दोन्हींत नेहमीच्या मांडणीत याने पुढच्या घटकावर जाता येतं. आवाज पुढे सरकला, तर डिस्प्लेकडून फोनकडे निरोप पोचतोय.

तिसरा थर लिप्यंतराचा. फोनमधलं 'क' हे अक्षर १ आणि ३ या ठिपक्यांत बदलायला एक तक्ता लागतो. लिबलुई या मुक्त लायब्ररीत अशा अनेक भाषांचे तक्ते आहेत, मराठीचाही आहे. स्क्रीन रीडरमध्ये इंग्रजी तक्ता निवडलेला राहिला, तर ठिपके छान उठतात, फक्त मराठीचा अर्थ लागत नाही. नुसतं डोळ्यांनी पाहणाऱ्या संशोधकाला वाटतं, सगळं चालू आहे! म्हणून चाचणीआधी 'कि की कु कू ळ' असा छोटा मजकूर उघडून एखाद्या ब्रेल वाचकाकडून तो वाचून घ्या.

वेगाचं काय? ब्लूटूथ हळू म्हणून वाचन हळू, असा तर्क मीही आधी केला होता. हिशोब करा. एका सेलमध्ये ८ ठिपके, म्हणजे ८ बिट, म्हणजे १ बाइट. ४० सेलची अख्खी ओळ ४० बाइटची. एवढ्याशा माहितीला ब्लूटूथ कमी पडत नाही. उशीर होत असेल तर आधी झोपलेला डिस्प्ले किंवा थकलेली बॅटरी पाहा, मग बाकीचं.

आता तुमच्या आराखड्याकडे वळू. मी माझ्यात चार बदल केले. एक, तिन्ही थर तपासून झाल्याशिवाय सहभागीला बोलवायचं नाही. दोन, स्टॉपवॉच कुठल्या क्षणी सुरू होणार ते आधीच लिहून ठेवायचं. माझ्याकडे आता ते पहिली ओळ बोटाखाली आल्यावर सुरू होतं. तीन, डिस्प्लेचं मॉडेल, सेलची संख्या, फोनची आणि स्क्रीन रीडरची आवृत्ती, निवडलेला तक्ता हे सगळं प्रत्येक वेळी नोंदवायचं. नाहीतर दुसऱ्या कुणाला तुमचा प्रयोग पुन्हा करून पाहता येणार नाही. चार, जोडणी तुटली तर ती वेळ वेगळ्या रकान्यात.

तो वेगळा रकाना मात्र फेकून देऊ नका. मी आधी ती २३ मिनिटं खोडणार होते. मग लक्षात आलं, माझ्यासाठी हा एका दिवसाचा घोटाळा होता, पण डिस्प्ले वापरणाऱ्यांना अशा भानगडी स्वतःच निस्तराव्या लागतात, तेही वर्गाला किंवा मुलाखतीला जायच्या घाईत. ताईंनी दोष दोन वाक्यांत ओळखला, तो या सवयीमुळेच. ते ज्ञान माझ्या नोंदवहीत 'उशीर' म्हणून गेलं असतं, आणि पुढे एखाद्या तक्त्यात दृष्टिहीन वाचक हळू असतात, असा निष्कर्ष बनून छापलं गेलं असतं.

म्हणून साधनांचा भाग लिहाल तेव्हा 'जोडलेला' या शब्दावर थांबा आणि मॅडमचा प्रश्न स्वतःला विचारा: हे मोजमाप कुणाचं?